गावाला ठाऊक असलेली गोष्ट

नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असे आपल्याकडे सांगतात. खेड्यात मात्र त्या भांडणाची खबर तिसऱ्यालाच काय, सगळ्या आळीला असते. रात्री कोणाच्या घरातून आवाज आला, कोणाची मुले रडत शेजारच्या ओसरीवर येऊन झोपली, कोण भाकरी थापता थापता उठून शेताकडे पळाली, हे सकाळी पाणी भरायच्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळलेले असते. हातपंपावर तिचा सुजलेला डोळा दिसतो. ‘गोठ्याची चौकट लागली’ असे ती सांगते. बाकीच्या ‘जपून गं’ म्हणतात आणि हंडे उचलून चालू लागतात. तिच्या सांगण्यावर कोणाचा विश्वास बसलेला नसतो आणि हे तिलाही ठाऊक असते.

शहरातल्या मारहाणीबद्दल लिहिताना ‘बंद दाराआडची हिंसा’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला येणारी हिंसा बहुतेक वेळा उघड्या दारातली असते. ती उजेडात आणली की अर्धे काम झाले, असे तिच्याबाबतीत म्हणता येत नाही, कारण ती उजेडातच आहे. एवढ्या माणसांना ठाऊक असूनही ती वर्षानुवर्षे चालू कशी राहते, हा खरा प्रश्न आहे. या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या प्रश्नाभोवती आहे. या विषयाशी पहिल्यांदाच ओळख करून घेणाऱ्या वाचकाने तोच प्रश्न हाताशी धरून पुढे जावे, असे मला वाटते.

आधी हिंसा कशाला म्हणायचे ते पाहू. ‘दोन ठेवून दिल्या’, ‘हात उचलला’ एवढ्यावर गावची व्याख्या संपते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने ती बरीच रुंद केली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार त्यात आहेत. खेड्यात त्यांची रूपे कोणती? दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आणलेली मजुरी संध्याकाळी काढून घेणे. बचत गटातून तिच्या नावावर कर्ज उचलायला लावणे आणि हप्त्याच्या दिवशी तिला एकटीला उभे करणे. भाऊबीजेला माहेरी न पाठवणे. फोन कोणाचा आला म्हणून संशय घेणे. ऐन थंडीत लेकरासकट घराबाहेर काढणे. मुलगा नाही म्हणून सवत आणणे. आणि शेवटी टाकून देणे, म्हणजे माहेरच्या दारात आणून सोडणे व पुन्हा न्यायला न येणे. लैंगिक जबरदस्ती या यादीत सर्वांत मुकी आहे. ती आशाताईच्या कानात सांगितली जाते, नाहीतर कोणालाच नाही. कायदाही इथे मागे सरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादानुसार अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती आजही बलात्कार ठरत नाही.

याचे प्रमाण किती, हे सांगणारा देशपातळीवरचा सर्वांत मोठा आधार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी ग्रामीण भागात ३१.६ टक्के आणि शहरी भागात २४.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के, म्हणजे चौघींमागे एक असे आहे. पण याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कधी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेकजणी स्वतःच्या कुटुंबाकडेच गेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचलेल्या फारच थोड्या.

गावाला सगळे ठाऊक असते, असे वर म्हटले आणि इथे तर तीन चतुर्थांश स्त्रिया सांगतच नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तिने सांगितले नाही म्हणून कोणी विचारले नाही, आणि कोणी विचारले नाही म्हणून तिने सांगितले नाही. तिच्या न बोलण्यात गावाची सोय आहे. जे आपल्याला सांगितलेच गेले नाही, त्याबद्दल काही करण्याची जबाबदारीही आपल्यावर येत नाही. शिवाय त्याच सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही कारणांसाठी बायकोला मारणे योग्य ठरवले. त्या कारणांत सगळ्यांत वरचे कारण होते सासूसासऱ्यांचा मान न ठेवणे. जिथे जवळपास निम्म्या लोकांना मार रास्त वाटतो, तिथे तक्रार कोणाकडे करायची?

तरीही ग्रामीण स्त्री कधी बोललीच नाही, असे म्हणणे तिच्यावर अन्याय करणारे होईल. ती जात्यावर बोलली. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे, आणि हे सारे आईला कसे सांगू ही घालमेलही आहे. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपेत असताना, दुसऱ्या बाईच्या साथीने तिने आपली फिर्याद मांडून ठेवली. दाद लागली नाही, पण नोंद झाली.

छापील मराठीत ही फिर्याद पहिल्यांदा दणक्यात मांडली ती ताराबाई शिंदे यांनी. ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ सालचे. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेनंतर वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर झोड उठवली, तेव्हा बुलढाण्यात राहणाऱ्या या बाईने पुरुषांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पाठोपाठ मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. बालपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायचे त्यांनी नाकारले. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली. प्रकरण तडजोडीने मिटले आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. हा खटला इतिहासजमा झाला असे कोणी समजू नये. वैवाहिक संबंधांच्या पुनःस्थापनेची तीच मागणी हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईने पोटगीचा अर्ज केला, की उलट ‘नांदायला ये’ अशी वकिलाची नोटीस तिच्या हाती पडते, हा तालुक्याच्या कोर्टातला रोजचा अनुभव आहे.

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी या चित्रात मोठी भर घातली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये, सासरहून पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवला जाई, याचे वर्णन आहे. स्वतः बेबीताईंनी आपले लेखन कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. जातीचा जाच सोसणारा पुरुष घरात बायकोला जाचतो, हे सांगायला दुहेरी धैर्य लागते. बाहेरचे लोक त्याचा उपयोग समाजाची बदनामी करण्यासाठी करतील आणि आतले लोक घरभेदी म्हणतील. शर्मिला रेगे यांनी ही आत्मकथने समाजशास्त्राच्या केंद्रस्थानी आणली आणि दलित स्त्रीचा अनुभव वेगळा का वाचावा लागतो, ते दाखवून दिले. त्यामागे आणखी जुना धागा आहे. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्ने लावून, आणि त्यासाठी स्त्रीवर पहारा ठेवावा लागतो, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या आपल्या निबंधात मांडले होते. नवऱ्याचा हात आणि भावकीची इज्जत यांचे नाते समजायला ते सूत्र आजही पुरते.

प्रत्यक्ष लढ्याची सुरुवात मात्र पुस्तकांतून झाली नाही. १९७० च्या दशकात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, भिल्ल शेतमजूर स्त्रिया जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात उतरल्या. श्रमिक संघटनेच्या शिबिरांत त्या एकमेकींशी बोलू लागल्या, तेव्हा दारू आणि मार हे दोन विषय आपोआप पुढे आले. त्यांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. गावाला ठाऊक असलेली गोष्ट गावासमोर मोठ्याने बोलली गेली आणि मारणाऱ्याला मान खाली घालावी लागली. पुढच्या सगळ्या कामाचे बीज मला तिथे दिसते.

१९८० च्या दशकात हे काम अनेक अंगांनी फुलले. पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. नारी समता मंच त्यातून उभा राहिला. अंबाजोगाईत शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’तून टाकलेल्या बायकांना आसरा आणि रोजगार दिला. पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ने गावातल्याच बायकांना तयार करून सल्लाकेंद्रे चालवली. सांगली परिसरात इंदुताई पाटणकर यांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने आणि संगमनेर भागात निशा शिवूरकर यांनी परित्यक्तांना संघटित केले. त्यांच्या मागण्या ऐकण्यासारख्या आहेत : स्वतंत्र शिधापत्रिका, राहायला जागा, कसायला जमीन. दयेची मागणी त्यांत कुठेच नाही. नवऱ्याच्या नावाच्या कार्डावरून नाव कमी झाले की या बाईला धान्यही मिळत नाही, हे त्या जगून शिकल्या होत्या.

याच काळात शेतकरी संघटनेने जमिनीचा प्रश्न थेट घरात आणला. १९८६ च्या चांदवड अधिवेशनाला हजारो शेतकरी स्त्रिया जमल्या. पुढे काही वर्षांत संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा एक हिस्सा बायकोच्या नावावर करावा असे आवाहन केले. अनेक गावांत सातबारावर पहिल्यांदाच बाईचे नाव चढले. याचा हिंसेशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर केरळातून मिळते. प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जमीन नाही आणि घरही नाही, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी पतीची मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत ते प्रमाण फक्त ७ टक्के होते. शिक्षण, उत्पन्न वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही मालमत्तेचा परिणाम ठळक राहिला. जिला जायला स्वतःची जागा आहे, तिच्यावर हात उगारण्यापूर्वी नवरा विचार करतो.

कायदे या चळवळींच्या रेट्यातून आले. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आले आणि पती व सासरच्यांची क्रूरता हा गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४ब आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे ८५–८६ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. फौजदारी कायद्यात नवऱ्याला तुरुंगात घालता येते, पण बाईला त्या रात्री छप्पर मिळत नाही. ही उणीव २००५ च्या कायद्याने भरून काढली. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या या कायद्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश, खर्च, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई एकाच अर्जात मागण्याची सोय केली. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे त्यात म्हटले आहे. घर नवऱ्याच्या नावावर असो वा सासऱ्याच्या, सामाईक घरात तिला राहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केले.

आता अभ्यासाच्या परंपरांकडे वळू. या विषयाकडे पाहण्याच्या काही मोठ्या दिशा आहेत आणि त्यांची आपसांतली भांडणेही नवख्या वाचकाला ठाऊक असावीत. पहिली स्त्रीवादी दिशा. ब्रिटनमध्ये रिबेका आणि रसेल डोबॅश यांनी १९७९ मध्ये मांडले की बायकोला मारणे हा बिघडलेल्या माणसाचा तोल जाणे नव्हे. घरावरची पुरुषाची सत्ता राखण्याचे ते हत्यार आहे. त्याच सुमारास अमेरिकेत मरे स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. भांडणात कोणी कोणाला ढकलले, थप्पड मारली, वस्तू फेकली हे मोजणारी प्रश्नावली त्यांनी तयार केली. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातले प्रश्न तिच्याच सुधारित रूपातून आलेले आहेत. स्त्रीवाद्यांचा आक्षेप असा होता की थपडा मोजता येतात, पण दहशत मोजता येत नाही. १९९० च्या दशकात मायकेल जॉन्सन यांनी दोन्ही बाजूंना सांधणारी मांडणी केली. एखाद्या प्रसंगी हातघाईवर येणारे भांडण वेगळे आणि जोडीदाराचे सगळे आयुष्य मुठीत ठेवण्यासाठी केलेली हिंसा वेगळी. २००७ मध्ये इव्हान स्टार्क यांनी या दुसऱ्या प्रकाराचा गाभा दाखवला : पैसा, फोन, नातेवाईक, वेळ यांवरचा रोजचा ताबा. त्यात मार अधूनमधून लागतो, धाक मात्र कायम असतो.

लोरी हाइझी यांनी १९९८ मध्ये एकात एक बसणाऱ्या वर्तुळांची चौकट दिली : माणूस, नाते, वस्ती आणि समाज. दारू, गरिबी किंवा पुरुषसत्ता यांपैकी एकच कारण धरून बसू नये, असे ही चौकट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील दहा देशांच्या अभ्यासातही परिस्थितीचा हा वाटा दिसला. जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण जपानच्या शहरात १५ टक्के, तर इथिओपियाच्या ग्रामीण भागात ७१ टक्के होते. पेरूमध्ये राजधानीत ५१ टक्के आणि ग्रामीण प्रांतात ६९ टक्के होते. एवढे मोठे अंतर पडते, त्याअर्थी हिंसा पुरुषाच्या स्वभावात कोरलेली नाही. समाजाची घडी बदलली तर ती कमी होते. माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनातला हा सर्वांत आशादायक निष्कर्ष आहे.

ग्रामीण हिंसेचा वेगळा अभ्यास तुलनेने उशिरा सुरू झाला. नील वेब्सडेल यांनी अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या खेड्यांतल्या स्त्रियांशी बोलून १९९८ मध्ये पुस्तक लिहिले. लांब अंतरे, शेजाऱ्यांची चुप्पी आणि नवऱ्याशी ओळखपाळख असलेला पोलीस यांची जी सांगड त्यांना तिथे दिसली, ती आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे विजयेंद्र राव यांनी कर्नाटकातल्या कुंभार समाजाच्या गावांत केलेल्या अभ्यासातून (१९९७) हुंडा आणि दारू यांचा मारहाणीशी असलेला संबंध पुढे आला. शिरीन जेजीभॉय यांनी उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूतल्या ग्रामीण स्त्रियांच्या अनुभवांवरून (१९९८) दाखवले की मार हा नवऱ्याचा हक्क मानला जातो.

दारूबद्दल दोन शब्द अधिक सांगायला हवेत, कारण गावात पहिले बोट तिच्याकडे जाते. ते चुकीचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, वरचेवर दारू पिऊन तर्र होणाऱ्या पतींच्या ७० टक्के बायकांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली आढळली. म्हणून गडचिरोलीच्या १९९३ च्या दारूबंदीमागे स्त्रियांची ताकद उभी राहिली आणि पुढे दारूचे दुकान बंद करण्यासाठी ‘आडव्या बाटली’ला मत द्यायला गावोगाव बायकांच्या रांगा लागल्या. पण न पिणाऱ्या पतींच्या बायकांतही हे प्रमाण २३ टक्के होते. शिवाय प्यालेला नवरा सावकाराला मारत नाही, सरपंचाला मारत नाही. घरी येऊन बायकोलाच मारतो. दारूने तोल जातो, तरी कोणाला मारलेले चालते हे तो विसरत नाही.

मग खेड्यात ही हिंसा टिकते कशी? याचे एक उत्तर बैठकीत सापडते. मारहाण सोसून बाई माहेरी आली की काही दिवसांनी दोन्हीकडची माणसे बसतात. मुलीचा बाप, चुलता, मुलाचा मामा, पोलीस पाटील, कधी तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. बाई आत, दाराशी उभी. तिची समजूत घालायची आणि पाठवून द्यायचे, हे आधीच ठरलेले असते. घासाघीस होते ती अटींवर. शेवटी स्टँप पेपर येतो. असा एखादा कागद नीट वाचून पाहावा. वर नवऱ्याने लिहून दिलेले असते की यापुढे मारहाण करणार नाही, दारू पिणार नाही. त्याच्याच खाली तिच्याकडून लिहून घेतलेले असते की विचारल्याशिवाय माहेरी जाणार नाही, सासूला उलट बोलणार नाही, कोणाशी फोनवर बोलत बसणार नाही. हाड मोडणे आणि उलट बोलणे एकाच पानावर, एकाच तोलाने मांडलेले. खाली पंचांच्या सह्या. नवऱ्याने शब्द मोडला तर काय, याची ओळ त्यात नसते. कोर्टाच्या संरक्षण आदेशात नेमकी तीच ओळ असते : आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा फरक बाईला आणि तिच्या बापाला कोणी समजावून सांगितलेला नसतो.

बापालाही सरसकट खलनायक करून चालणार नाही. थोरली परत आली तर धाकटीची सोयरीक अडते. घरात भावजय आहे, दोन एकर जमिनीत आधीच तीन वाटे आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, पण हक्कसोडपत्रावर सही करून ती माहेर जपते. माहेर तुटू नये म्हणून माहेरातला वाटा सोडते. मग मार खाऊन परत येते तेव्हा ते घर भावाचे झालेले असते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीची अडचण आणखी वेगळी. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावे घेतलेली असते. ती अंगावर घेऊन तिने नवऱ्याला सोडायचे तर कसे? फडातल्या पालाला दार नसते आणि माहेर दोनशे किलोमीटरवर असते. जातपंचायतीच्या जरबेतल्या भटक्या समाजांत पोलिसांत जाणे म्हणजे वाळीत पडणे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला, तो या स्त्रियांपर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

आणि काही जणी या कोणत्याच पायरीपर्यंत येत नाहीत. ‘विहिरीत पाय घसरला’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’, ‘चुकून औषध पोटात गेले’ या तीन वाक्यांखाली आकस्मिक मृत्यूच्या नोंदीत किती बायका गाडल्या गेल्या असतील, याचा विचार केला तर मन सुन्न होते. जळालेली बाई जबाब देते तेव्हा खाटेशेजारी सासू बसलेली असते आणि तिची लेकरे सासूच्या हाती असतात.

हे पुस्तक आत्ताच का, असेही कोणी विचारील. एका बाजूला कायद्याच्या गैरवापराची चर्चा इतकी वाढली आहे की खरी तक्रार घेऊन जाणारी बाईही ठाण्याच्या पायरीवरच संशयित ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला लगाम घातला, ते तत्त्व योग्यच आहे. पण त्याचा अर्थ तक्रार नोंदवू नये असा होत नाही. दुसऱ्या बाजूला खेडे बदलले आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, बचत गट गल्लोगल्ली आहेत, मुली तालुक्याला शिकायला जातात. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी सुरू केलेला विशेष कक्ष आता राज्यभर पोचला आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत मदतीची ‘सखी’ केंद्रे आहेत, १८१ हा मदत क्रमांक आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि शासनाने त्याचे अनुकरण करायला सांगितले. गाव ठरवू शकते, याचा हा ताजा पुरावा आहे. जो ठराव कुंकू पुसण्याविरुद्ध होऊ शकतो, तो मारहाणीविरुद्ध का होऊ नये?

या पुस्तकात स्त्रियांची निवेदने आहेत, गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचे अनुभव आहेत आणि त्यांच्या जोडीला कायद्याची व अभ्यासाची बाजू आहे. निवेदनांतली नावे, गावे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्यांची भाषा मात्र बदललेली नाही. संपादकांनी करुण कहाण्यांचा संग्रह करण्याचा मोह टाळला, याचे मला विशेष मोल वाटते. इथल्या बायका सोसतात तशा हिशेबही करतात. कोणत्या दिवशी गप्प बसायचे, कोणाच्या ओसरीवर जायचे, चार पैसे कुठे दडवायचे, मुलगी दहावी होईपर्यंत कसे निभवायचे, हे त्या रोज ठरवत असतात. ‘ती सोडून का जात नाही’ असे विचारणाऱ्याला हे हिशेब दिसलेलेच नसतात. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, हे जगभरच्या अभ्यासांनी सांगितले आहे. आपल्या बायकांना ते अभ्यास न वाचताही ठाऊक आहे.

या पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. मारणाऱ्या पुरुषांशी काय बोलायचे, मुलग्यांना कसे वाढवायचे, यावर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा. मुंबईतील ‘मावा’सारख्या संघटनांनी १९९३ पासून ते काम चालवले आहे. इथे केंद्रस्थानी स्त्रियांचा अनुभव आहे आणि त्या अनुभवाचे साक्षीदार असलेले गाव आहे.

म्हणून शेवटचे सांगणे साक्षीदारांना. तुम्ही सरपंच असाल, शिक्षक असाल, आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील किंवा नुसत्या शेजारीण असाल, तर २००५ च्या कायद्याने तुम्हालाही अधिकार दिला आहे. हिंसा घडते आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे वाटले, तर कोणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर त्यासाठी कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बैठकीला बोलावणे आले तर दाराआड उभ्या असलेल्या बाईला आधी बाहेर बोलवा, तिला बसायला जागा द्या आणि तिचे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. हे पुस्तक वाचून झाल्यावर एवढे जरी गावागावांत होऊ लागले, तरी ते लिहिणाऱ्या आणि सांगणाऱ्या सगळ्याजणींचे श्रम कारणी लागले असे मी समजेन.